शेवटची हालचाल

मी खडूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला ‘पंडितजी’ म्हणतात. पूजाअर्चेशी माझा काही संबंध नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला कॉम्प्युटर प्रोग्रामचा कोड माझ्याकडे तपासायला येतो आणि त्यातल्या नावांवरून मी इतका कीस काढतो, की आजवर कुणीही कोडात केलेला बदल माझ्या हातून पहिल्या झटक्यात पास झालेला नाही. जिन्यात गाठ पडली की एखादा सहकारी विचारतो, “क्यों पंडितजी, नामकरण हो गया?” मी हसल्यासारखं करतो. त्या दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं ते एकच वाक्य, असंही कितीदा झालंय.

कंपनी लहान आहे. जयपूरच्या तिलक नगरमधल्या एका बंगल्याचा वरचा मजला, आठवड्यातून दोनदा तिथे जायचं, बाकी दिवस घरून काम. आम्ही भिंतीवर लावायचा एक डबा बनवतो. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. डब्यातला सेन्सर खोलीतली हालचाल टिपतो. दिवसा सलग चार तास काहीच हललं नाही, तर दूर कुठेतरी असलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर घंटा वाजते. त्या सेन्सरचं म्हणणं समजून घेऊन वरच्या प्रोग्रामला सांगणारा जो कोड, तो ड्रायव्हर. त्यात माहिती ठेवायचे कप्पे असतात, त्यांना आम्ही फील्ड म्हणतो, आणि प्रत्येक फील्डला नाव द्यावं लागतं. लिहिणाऱ्याला घाई असते. तो एका कप्प्याला ‘टाइम’ म्हणतो, दुसऱ्याला ‘व्हॅल्यू’ आणि मोकळा होतो. दोन वर्षांनी कुणी तो कप्पा उघडला तर आतली वेळ कसली, सेकंदांतली की मिनिटांतली, हे कळायला मार्ग नसतो. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर नुसतं ‘पीठ’ लिहिण्यातलाच तो प्रकार. माझं डोकं तिथेच फिरतं.

या डब्यांपैकी एक सांगलीकडे, विट्याला आमच्या घरी, मधल्या खोलीत आहे. आई गेल्यापासून आण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे एकटे राहतात. वीज मंडळात वायरमन होते. खांबावर चढून चढून गुडघे गेले, पण बाकी गडी ठणठणीत. डबा लावण्याआधीच्या थंडीत मी त्यांना जयपूरला आणलं होतं. महिनाभर राहिले. माझं घर प्रताप नगरात पहिल्या मजल्यावर, खालून दिवसभर क्लासची मुलं दप्तरं घेऊन जातात-येतात. आण्णा बाल्कनीत बसून त्यांच्याकडे बघायचे. शेजाऱ्यांशी ओळख ‘राम राम सा’च्या पुढे सरकली नाही, आणि मी कानांना हेडफोन लावून आतल्या खोलीत. शेवटी एकदा जेवताना म्हणाले, “हितं मी भिंतीकडं बघत बसतो. तिकडं निदान भिंती तरी माझ्या हायत.” मी तिकीट काढून दिलं.

तेव्हापासून माझी एकच धास्ती होती. आण्णा न्हाणीत घसरले, पडून राहिले, आणि मला कळलंच नाही तर? बाराशे-तेराशे किलोमीटरवर बसून मी काय करणार होतो? म्हणून मी रोज सकाळी आठला फोन करायचो. संभाषण ठरलेलं. उठलात? उठलो. चहा? झाला. गुडघा? हाय तसाच. ठेवू? ठेव. दीड मिनिट. मग आमचा डबा तयार झाला, पहिल्या खेपेतला एक मी हट्टानं मागून घेतला आणि दिवाळीला गेलो तेव्हा स्वतःच्या हातानं लावला. आण्णा खाली उभे राहून स्क्रू देत होते आणि ड्रिल कसं धरावं ते मला शिकवत होते.

डबा लागल्यावर आठचा फोन हळूहळू बंद पडला. मी बंद केला असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण मीच केला. चहा घेताना मोबाइल उघडला की लिहिलेलं दिसायचं, शेवटची हालचाल सहा मिनिटांपूर्वी. मग ‘उठलात?’ हे विचारायचं कशाला? रविवारी तेवढा बोलायचो.

आता ज्या बदलापायी हे सगळं सांगतोय त्याबद्दल. ड्रायव्हरमधला हालचालीच्या वेळेचा भाग लिहिणारी मुलगी आमच्याकडे नवीन होती. विद्याधर नगरात राहते, जन्म जयपूरचाच. वडील बँकेत अधिकारी म्हणून नागपूरकडून बदलून आले ते इथेच राहिले. तिचं मराठी अडखळतं, त्यामुळे ती लाजते. आम्ही समोरासमोर क्वचितच भेटायचो, आमचं सगळं बोलणं कोडच्या समासात, शेऱ्यांमधून. शेवटची हालचाल कधी झाली, हे ठेवायच्या फील्डला तिनं नाव दिलं होतं ‘टाइम’. मी लिहिलं, कसला टाइम? तिनं केलं ‘लास्ट टाइम’. मी लिहिलं, शेवटचं काय? तिनं केलं ‘ॲक्टिव्हिटी टाइम’. मी विचारलं, हालचाल कुणाची, माणसाची की डब्यातल्या चिपची? असे नऊ शेरे झाले. तीन दिवस लागले. शेवटी ‘लास्ट मोशन सेकंड्स’ ठरलं, तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला. नावात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशीच एक बरं नाव तिनं सुचवलं होतं. मी मुद्दाम ताणलं. त्या आठवड्यात मी तीन दिवस घराबाहेर पडलो नव्हतो. डबेवाला दाराशी जेवणाचा डबा ठेवून घंटी वाजवून जायचा, आणि घरमालकीण खालून ओरडायची, “भैया, टंकी भर गई, मोटर बंद करो!” बस, एवढंच. अशात पडद्याच्या कडेला शेऱ्याचा लाल ठिपका उमटला की बरं वाटायचं. कुणीतरी आपल्याला उत्तर देतंय. म्हणून मी आणखी एक खोट काढायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्याकडे रीत अशी की बदल पास केला की त्याखाली तपासणाऱ्याचं नाव लागतं. ते कायम राहतं. तुम्ही नोकरी सोडली तरी त्या ओळींखाली तुमचं नाव असतंच. त्या बदलाखाली माझं नाव आहे.

एप्रिल संपत आला होता. रविवारी फोन केला तर आण्णा नेहमीपेक्षा खुशीत वाटले. “तुझा डबा चुकतोय रं,” म्हणाले.

“म्हणजे?”

“तीन दिवस टेस्टिंग केलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. सव्वानवाला मागच्या खोलीत जाऊन बसलो, पोत्यावर. तिकडं तुझ्या डब्याचा डोळा पोचत न्हाई. दीड वाजेपतूर बसलो. सव्वाचार तास. तुझ्याकडं वाजलं व्हय काही?”

नव्हतं वाजलं. मी उभाच राहिलो. तिन्ही दिवस मी मोबाइल बघितला होता, आणि प्रत्येक वेळी शेवटची हालचाल थोड्या वेळापूर्वीचीच होती.

“लाइट गेली होती का?” मी विचारलं.

“उन्हाळाय. सारखी जातीया-येतीया. दोन मिनिटं, पाच मिनिटं. त्याचं काय?”

त्याचंच सगळं होतं. मी “बघतो” म्हणून फोन ठेवला आणि कोड उघडला. दहा मिनिटांत ओळ सापडली. लाइट येऊन डबा पुन्हा सुरू झाला की ‘लास्ट मोशन सेकंड्स’मध्ये त्या क्षणाची वेळ भरली जात होती. कुणीही हललेलं नसताना. लाइट आली, की आण्णा आत्ताच हलले. पुन्हा गेली, पुन्हा आली, की पुन्हा आत्ताच हलले. फील्डचं नाव इतकं स्वच्छ होतं की आत काय भरतंय ते बघावं असं कुणालाच वाटलं नाही. मला तर नाहीच.

आणि त्या ओळीशेजारी तिचा शेरा होता. माझ्या चौथ्या आणि पाचव्या शेऱ्याच्या मध्ये. सुरू होताना इथे आत्ताची वेळ भरली आहे, नाहीतर पहिल्याच मिनिटाला घंटा वाजते. पण लाइट जाऊन आली तर? चालेल का? त्याखाली माझं उत्तर: आधी नावाचं ठरवू.

 त्या तीन दिवसांत आण्णा खरोखर पडले असते तर मी चहा पीत ‘सहा मिनिटांपूर्वी’ असं वाचत बसलो असतो. ज्या एका गोष्टीला मी घाबरत होतो ती माझ्याच नावानिशी पास झाली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन मी तिच्या टेबलाशी गेलो. तिनं घाबरून खुर्ची मागे सरकवली. पंडितजी आपणहून टेबलाशी येतात म्हणजे काहीतरी भयंकरच असणार. मी पडद्यावर ती ओळ दाखवली, आण्णांचं सांगितलं.

“सर, मी पूछलं होतं ना... मतलब, विचारलं होतं,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही बोललात आधी नाव.”

“हो. चूक माझी आहे. तू बरोबर विचारलंस आणि मी वाचलंही नाही नीट.”

 मी माफी मागितल्याचं तिला माझ्यापेक्षा जास्त अवघड झालं होतं. मग दुरुस्तीचं बोललो. शेवटच्या हालचालीची वेळ लाइट गेली तरी पुसली जाणार नाही अशा ठिकाणी लिहून ठेवायची, आणि डबा सुरू झाला की तीच परत वाचायची. तिनं वहीत लिहून घेतलं. मी वळलो तेव्हा तिनं विचारलं, “सर, एक बात... तुमचे पप्पा टेस्ट करत होते तर त्यांनी तुम्हाला आधी सांगितलं का नाही?”

“त्यांचा स्वभाव तसा आहे. वायरमन होते.”

“नाही, मतलब... टेस्ट असली तर आपण समोरच्याला बोलतो ना, की मी आता बटन दाबते, तू बघ. न बोलता तीन दिन कोण बसतं? ते तर असं झालं ना, की...” तिला मराठी शब्द मिळेना. मग तिनं सरळ हिंदीत सांगितलं. “वो तो आपके फ़ोन का इंतज़ार कर रहे थे, सर।”

मी “हं” म्हणालो आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो. पहिल्यांदा तिचा रागच आला. काल आलेली पोरगी, हिला काय माहीत आमचे आण्णा? आण्णा फोनची वाट बघणारे नव्हेत. आई गेली तेव्हाही तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, आता जा, नोकरी हाय तुझी. पण राग काही टिकला नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार. पहिल्या दिवशी घंटा वाजली नाही, माझा फोन गेला नाही, तेव्हाच टेस्टिंग झालं होतं. दुसऱ्या दिवशी ते कशाला बसले? तिसऱ्या दिवशी? रविवारपर्यंत गप्प का राहिले? वायरमनला दिवा लागत नाही हे कळायला तीन दिवस लागत नाहीत.

दुरुस्ती दोन दिवसांत आली. तिनं नवीन फील्डला स्वतःच्या मनानं नाव दिलं होतं. मला त्यात एक खोट दिसली, फार मोठी नव्हे. मी नावाला हात लावला नाही. प्रत्येक ओळ वाचली, प्रत्येक कप्प्यात काय कुठून येतं ते कागदावर काढलं, दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं समजून घेतली, आणि मगच पास केलं. नवीन कोड विट्याच्या डब्यात गेला. आण्णांना मी फोनवर फक्त सांगितलं, दुरुस्त केलंय.

“बगतो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाला मोबाइल ठणाणला. तो आवाज मीच निवडला होता, कर्कश, झोपेतूनही उठवेल असा. मला ठाऊक होतं की आण्णा पोत्यावर बसलेत, तरी हातातलं टाकून मी नंबर लावला. एक रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

“चालतंय की तुझं!” म्हणाले. आवाजात इतका आनंद की मला कसंतरी झालं. मग लाइट किती वेळा गेली, शेजारच्यांची म्हैस व्याली, टाकीचा व्हॉल्व्ह बदलला, सगळं सांगितलं. अकरा मिनिटं. ठेवताना मी म्हणालो, “आता टेस्टिंग झालं. उगाच बसू नका.”

“न्हाई, न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सव्वाला घंटा वाजली. मी फोन केला. त्याच्या पुढच्या दिवशी वाजली. तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, कॅमेरा बंद करून बाहेर आलो.

“आण्णा, मुद्दाम बसताय ना?”

उत्तराला न थांबता मी पुढे म्हणालो,

“बोलायचं असलं तर तुम्हीच फोन करायचा की. त्यासाठी चार तास पोत्यावर कशाला बसायचं? गुडघ्याची काय दशा होईल?”

“मी केला की तू म्हणतोस मीटिंगमधे हाय, नंतर करतो,” ते शांतपणे म्हणाले. तक्रार नव्हती, नोंद होती. “ह्ये वाजलं की तू लगेच करतोस. मीटिंग असली तरी.”

 मी खरोखर मीटिंगमधूनच आलो होतो. ‘ठेवतो’ असं तेच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर बसलो. दुपारी आंधी येऊन गेली होती, टाकीवर, दोरीवर, सगळ्यावर बोटभर धूळ. खाली क्लास सुटला, मुलांचा कलकलाट झाला आणि पांगला.  एक म्हातारा माणूस रोज सकाळी सव्वानवाला उठून मागच्या खोलीत जातो, तिथून न हलता चार तास काढतो, का, तर मुलाला बाप मेला असेल अशी भीती वाटावी आणि त्या भीतीपायी तरी त्यानं बोलावं. आणि मुलगा नऊ-नऊ शेरे लिहून परक्याच्या पोरीला अडवून ठेवतो, का, तर तिनं उत्तर देत राहावं. आम्हा दोघांना हव्या असलेल्या गोष्टीचं नाव साधं होतं. ते उच्चारायची दोघांनाही लाज.

दुसऱ्या दिवशी मी घंटेची वाट बघितली नाही. साडेबारालाच नंबर लावला. या वेळी बऱ्याच रिंगा झाल्या. पोत्यावरून उठायला त्यांना वेळ लागला असणार.

“काय झालं?” आण्णा जवळजवळ ओरडलेच. “आजून पाऊण तास हाय की! का केलास? बरा हायेस न्हवं तू?”

“बरा आहे.”

“मग? नोकरीचं काय झालं?”

“काही नाही झालं, आण्णा.” मी खिडकीशी उभा होतो. सांगावं की नको, हे ठरवायच्या आतच तोंडातून गेलं. “मला करमत नाही हो इथं. दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं होत नाही. म्हणून केला.”

 

“कधीपासनं?” त्यांनी विचारलं.

“बरेच दिवस झाले. तुम्ही होतात इथं, तेव्हाही.”

“मग सांगायचं न्हाईस व्हय रं आदी?”

“तुम्ही तरी कुठं सांगितलंत?”

ते हसले की त्यांनी नाक ओढलं, फोनवर कळलं नाही. मग खाकरून, घसा साफ करून नेहमीच्या आवाजात म्हणाले, “जेवलास का?”

“नाही अजून. डबा आलाय.”

“मग घे वाढून. मी बी घेतो. भाकरी हाय, आमटी हाय. फोन ठिवू नगंस.”

मी डबा उघडला, ताट घेतलं. तिकडे मांडणीतून भांडं काढल्याचा आवाज आला, मग झाकण पडलं, मग आण्णांनी त्या झाकणाला शिवी दिली. मी फोन ताटाशेजारी ठेवला आणि बसलो.

“झालं का वाढून?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“हं. कर सुरू.”